डाव्या काचेवरची वाफ

१

मनिषा जुनी गाडी तपासायला नेहमी सकाळीच जायची. आदल्या दिवशी विकणाऱ्याला फोन करून एकच गोष्ट तीनदा बजावायची, "मी येईपर्यंत चालू करू नका. गाडी थंडच राहू द्या." तापलेलं इंजिन पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागतं, खरं काय ते थंड इंजिन सांगतं, हे तिला तिच्या वडिलांनी, धम्मानंदांनी शिकवलं होतं. परभणीत त्यांचं गॅरेज होतं. मनिषानं पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला, चार वर्षं वडिलांच्या हाताखाली हात काळे केले आणि मग स्वतःचा वेगळाच धंदा काढला. लोकांना जुन्या गाड्या बघून द्यायचा. सुरुवातीला माणसं हसली. बाईमाणूस काय गाडी बघणार? पण पाच वर्षांत तिनं 'घ्या' म्हटलेली एकही गाडी रस्त्यात रुसली नाही, तेव्हा हसणं आपोआप थांबलं.

त्या जानेवारीत ती झरीच्या राजशेखरसोबत सकाळच्या रेल्वेनं चुडाव्याला निघाली होती. राजशेखरचं झरीत किराणा दुकान. माणूस मितभाषी. डब्याच्या बंद खिडकीतून बाहेरची तूर बघत बसला होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ताई, रंगबिंग, शिटाबिटा मला काही बघायचं न्हाई. रस्त्यात बंद पडणार न्हाई, एवढंच बघा."

"सगळेच तसं म्हणतात," मनिषा हसून म्हणाली.

तो हसला नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, अनुपमाला, अवेळी कळा सुरू झाल्या होत्या. शेजाऱ्याची गाडी मागून आणली. झरी सोडून सहा किलोमीटरवर, एका बाभळीखाली ती बंद पडली ती पडलीच. दुसरं वाहन मिळेपर्यंत पाऊण तास गेला. मूल हाती लागलं नाही.

"आता पुन्हा आठवा लागलाय," राजशेखर म्हणाला. "ह्या खेपेला गाडी दारात पायजे."

मनिषानं मान हलवली.

२

गाडी स्टेशनपासून दहा मिनिटांवर, सूर्यभान नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली उभी होती. पांढरी, डिझेलवरची, अकरा वर्षांची. मनिषानं आधी कुणाशी काही न बोलता बोनेटवर तळहात ठेवला. दगडासारखं गार. म्हातारा इमानदार निघाला.

मग ती गाडीभोवती फिरू लागली. पहाटेच्या धुक्याची ओल सगळ्या काचांवर बाहेरून थेंबांनी जमली होती. तिनं खिशातल्या फडक्यानं एकेक काच पुसत आत डोकावायला सुरुवात केली. मागची डावी काच पुसली, तरी आतलं दिसेना.

वाफ आतून होती. बशीएवढा गोल. बाकीची काच लख्ख.

मनिषानं तो गोल क्षणभर निरखला. गाडीत रात्री कुणी झोपलं असेल, तिला वाटलं. पण दारं कुलूपबंद होती, आणि झोपलेल्या माणसाची वाफ सगळ्या काचांवर बसते, एकाच जागी नाही.

"काका, सकाळी गाडीत कुणी बसलं होतं का?"

"कोन बसायलंय," सूर्यभान किल्ली पुढं करत म्हणाला. "आमी दोघंच म्हातारा-म्हातारी. दोन दिस झाले, दार बी उघडलं न्हाई."

घराच्या उंबऱ्यात त्याची बायको मालनबाई उभी होती. तिनं चहा आणला, पण अंगण ओलांडून गाडीपर्यंत आली नाही. ट्रे ओट्यावर ठेवला आणि तिथूनच हाक मारली.

३

मनिषानं दोन तास गाडी अक्षरशः सोलून बघितली. चावी फिरवल्यावर इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. धूर निळा नाही, पांढरा नाही. चालू इंजिनावर तेलाचं झाकण काढून हात धरला, तर फक्त हलकी ऊब, धुराचा झोत नाही. झाकणाखाली दुधाळ मळ नाही, म्हणजे पाणी तेलात शिरलेलं नाही. दारांच्या, बोनेटच्या बोल्टांवरचा रंग शाबूत, म्हणजे गाडी कधी ठोकलेली नाही. ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर जेवढं झिजलंय, तेवढेच किलोमीटर काट्यावर. कुठं काही लपवलेलं नव्हतं.

राहिला तो गोल.

एकाच काचेवर वाफ धरते, याला कारणं असतात. पुरातून निघालेली गाडी असेल, तर गालिच्याखाली महिनोन् महिने ओल राहते. तिनं गालिचा उचलला. खाली कोरडी धूळ. मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघितला, पुराचं पाणी तिथं गाळाची रेघ सोडतं. रेघ नव्हती. हीटरची जाळी गळत असली की आत गोडसर वास येतो, काच चिकट लागते. वास नव्हता. बोट फिरवलं, तर साधं पाणी.

तिनं आतून काच कोरडी पुसली, दार लावलं आणि पुढच्या टायरांकडं गेली. परत आली तेव्हा गोल होता तिथंच होता. मोठ्या माणसानं सीटवर नीट टेकून बसावं आणि बाहेर बघावं, बरोबर त्या उंचीवर.

"गाडी लय चांगली हाय," सूर्यभान मागून म्हणाला. मनिषा दचकली. तो गाडीकडं नव्हे, तिच्या हातातल्या ओल्या फडक्याकडं बघत होता.

"मग विकता कशाला?"

"चालवायचं होत न्हाई आता. छातीत झटका आलता मागं." तो थांबला. "आन गाडीला माणसं पायजेत. दारात उभी ऱ्हाऊन गाडी खराब होती."

हे मात्र कुठलाही मेकॅनिक मान्य करील असंच होतं.

४

चाचणीला गाडी नांदेडच्या रस्त्याला घातली. मनिषा चालवत होती, राजशेखर शेजारी. दुसऱ्या गिअरला कुरकुर नाही, स्टेअरिंग हलकं सोडलं तर गाडी सरळ. राजशेखरच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. "आवाज कसला गोड हाय, ताई," तो म्हणाला.

मनिषानं आरशात बघितलं. मागची सीट रिकामी. पलीकडं डावी काच, काचेवर गोल.

तो मोठा होत होता. बशीचा ताटलीएवढा झाला, मग कडेनं हळूहळू आटत पुन्हा बशीएवढा. पुन्हा वाढला. पुन्हा आटला.

तिला आधी वाटलं, गाडीच्या हादऱ्यानं नजर हलतेय. मग वाटलं, आपलाच श्वास आहे, वारा फिरून मागं जातोय. तिनं श्वास रोखला. एक, दोन, तीन मोजत दहापर्यंत गेली. छाती फुटायला आली.

गोल वाढला. आटला. वाढला.

तिनं चारही काचा खाली घेतल्या. थंडगार वारा भसकन आत घुसला. राजशेखरनं मफलर कानावर ओढला आणि तिच्याकडं नवलानं बघितलं. "गरम होतंय," ती म्हणाली. तिच्या कपाळावर खरंच घाम होता.

अंगणात परत आल्यावर राजशेखरनं विचारलं, "मग? घ्यायची?"

'घ्या' हा शब्द तिच्या ओठांवर होता. सगळी तपासणी तो शब्द मागत होती. पण समजली नाही अशी एकही गोष्ट ठेवून तिनं आजवर तो उच्चारला नव्हता.

"एक गोष्ट मला कळली नाही," ती म्हणाली. "गाडी काही दिवस गॅरेजात ठेवून बघावी लागेल."

कुठलाही विकणारा याला तयार होत नाही. सूर्यभाननं मात्र कागदपत्रांची पिशवीच तिच्या हातात दिली. "घेऊन जा की. आठ दिस ठेव, पंधरा दिस ठेव." आणि ती बसायला वळली, तेव्हा हळूच म्हणाला, "उन्हात ठेवू नको, माय. सावलीला लाव."

५

परभणीला गॅरेजात मनिषानं मागची सीट उचकटून बाहेर काढली. दारांची रबरं बदलली. ओल शोषायला लाकडी कोळशाच्या पुरचुंड्या आत टांगल्या. डावी काचच काढून टाकली आणि भंगारातून त्याच बनावटीची दुसरी आणून बसवली. नव्या काचेवर तासाभरात गोल आला.

मग तिनं काचेच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा कागद चिकटवला. वाफ काचेची असेल तर कागदामागं धरेल, आतल्या हवेची असेल तर कागदावर. भर दुपारी, पत्रा तापलेला असताना, कागदावर सीटच्या बाजूनं थेंब जमले.

आणखी एक गोष्ट तिला तिसऱ्या दिवशी दिसली. गॅरेजची फरशी पाण्याच्या पातळीनं घातलेली होती. तिथं रिकामी गाडी उभी करून तिनं चाकांवरची जागा पट्टीनं मोजली. मागची डावी बाजू बोटभर खाली होती. तिनं दोन्हीकडच्या स्प्रिंगा काढून शेजारी उभ्या केल्या. उंची केसभरानंही वेगळी नव्हती. उलटसुलट बसवल्या. डावी बाजू खालीच.

"आबा, जरा येऊन बघता का?" तिनं वडिलांना हाक दिली.

धम्मानंदांनी वयाच्या सोळाव्या वर्षापासून गाड्यांत हात घातलेला. भूतबाधा, उतारे, गंडेदोरे यांना घरात जागा नव्हती. बाबासाहेबांनी ते सगळं गावाबाहेर टाकायला शिकवलंय, असं ते मुलांना सांगत. त्यांनी पट्टी घेऊन स्वतः मोजलं. कागदावरचे थेंब बोटानं टिपले. मग काही न बोलता मागचं दार उघडून उजवीकडं बसले आणि दार ओढून घेतलं. मनिषा बाहेर उभी राहिली. गॅरेजात कुठंतरी नळ ठिबकत होता, तेवढाच आवाज.

अर्ध्या तासानं ते बाहेर आले. बिडी पेटवायला काडी ओढली, पण बिडी तोंडात धरायची विसरले.

"काय वाटलं?"

"आत कुणी हाय असं मी म्हणणार न्हाई," ते म्हणाले. "आपण ते मानत न्हाई."

"आणि?"

काडी विझली. त्यांनी ती खाली टाकली.

"एकटं वाटलं न्हाई, पोरी. एवढंच."

६

सातव्या दिवशी मनिषा एकटीच चुडाव्याला गेली. सूर्यभान शेतात होता. मालनबाई ओट्यावर हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती.

"मावशी, त्या गाडीत मागं डाव्या बाजूला कोण बसायचं?"

मालनबाईचे हात थांबले. "तुलाबी दिसलं?"

"काहीच दिसलं नाही. वाफ दिसली."

"तेवढंच दिसतंय. आमच्या घरातलं कुनी न्हाई ते. गाडी घेतली तवापासून हाय. कुनाचं काय, आमी शोधत बसलो न्हाई."

"भ्या नाही वाटलं?"

"वाटलं की! अजूनबी वाटतंय. म्हनून तर मी जवळ जात न्हाई." तिनं भाजीचं डहाळं उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "पन एक सांगते. यांच्या छातीत दुखलं ना, तवा हे गाडीतच व्हते. पूर्णेकडून यायलते. सडकेच्या लोकांनी बघितलं, गाडी कडेला नीट उभी. हातब्रेक वढलेला. आन यांचे दोन्ही हात छातीवर, गच्च. शुद्ध बी नव्हती."

मनिषा ओट्याच्या कडेला टेकली.

"कुनी वढला ब्रेक, ते इचारू नको," मालनबाई म्हणाली. "मी बी इचारलं न्हाई. त्याच्या फुडं हात जोडले, लांबूनच."

परतीच्या रेल्वेत मनिषानं मनाशी ठरवून टाकलं. शुद्ध जाता जाता माणूस ब्रेक ओढू शकतो आणि विसरू शकतो. तसंच झालं असेल. आणि नसेल झालं, तर ज्याचा हात दिसत नाही त्याचा भरवसा एका पोटुशी बाईला कसा द्यायचा? उद्या झरीला जायचं, राजशेखरला सांगायचं, ही सोडा, दुसरी बघू. गाडी तिथूनच चुडाव्याला परत करायची.

निर्णय झाल्यावर तिला जरा हुशारी वाटली.

७

सकाळी झरीच्या रस्त्याला हातभर पुढचं दिसत नव्हतं, इतकं धुकं. मनिषानं आरसा खाली वळवून ठेवला होता. मागं बघायचंच नाही. आठ वाजता ती राजशेखरच्या दारात पोचली आणि हॉर्न वाजवायच्या आत त्याची आई, शांतम्मा, अनवाणी धावत बाहेर आली.

"ताई! गाडी आनलीस? महादेवच पावला ग माय!"

राजशेखर पहिल्या बसनं माल आणायला जिंतूरला गेला होता. अनुपमा दाराची चौकट धरून उभी होती. चेहरा पांढराफटक, खालचा ओठ दातांत. अजून महिन्याहून जास्त अवकाश होता.

मनिषा जे सांगायला आली होती, त्याची ही वेळ नव्हती. दुसरं वाहन शोधायचं म्हणजे पुन्हा पाऊण तास. "उजवीकडून बसा," ती एवढंच म्हणाली. "दोघीही उजवीकडून."

शांतम्मा उजव्या खिडकीशी, अनुपमा मधे. डावी जागा मोकळी राहिली. गाडी लागली. मनिषानं दिवे पेटवले आणि धुक्यात शिरली.

रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. मागं दिवा नाही की काही नाही, अचानक समोर काळी भिंत उभी राहायची. मनिषा पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी रेटत होती. मागं शांतम्माचं "ओम नमः शिवाय" चाललं होतं आणि त्यावर अनुपमाचा श्वास, आखूड, वरचेवर, छातीतच अडकणारा.

मग धुक्यातून एक बाभूळ वर आली.

"इथंच," अनुपमा किंचाळली. "इथंच बंद पडली होती! आई, इथंच! बंद पडायलीय बघा!"

"नाही पडत! लांब श्वास घ्या, लांब," मनिषा ओरडली. अनुपमाला ऐकू जात नव्हतं. तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मनिषानं तिच्याकडं बघायला आरसा वर केला.

डाव्या काचेवर गोल होता. आधी कधी नव्हता एवढा मोठा.

तो सावकाश वाढत होता. घाई नसलेल्या माणसाचा श्वास असतो तसा. काठोकाठ भरला, थांबला, मग तितक्याच सावकाश आटला. पुन्हा भरला.

अनुपमाची नजर त्यावर खिळली होती. तिचा श्वास दोनदा ठेचकाळला. तिसऱ्यांदा गोल वाढला, तेव्हा तिच्या नाकपुड्या रुंदावल्या. गोल आटला, तसा तिनं तोंडानं श्वास सोडला. पुन्हा. पुन्हा. काच आणि बाई एका लयीत आल्या. शिट्टी थांबली.

शांतम्माचा जप कधी बंद पडला होता कुणास ठाऊक.

पुढं ट्रॉली आली म्हणून मनिषानं समोर बघितलं, ती ओलांडली, आणि नजर पुन्हा आरशात गेली. अनुपमाचा डावा हात मोकळ्या सीटवर पडला होता, तळवा वर. सीटचं कव्हर तिथं खाली दबलेलं, शिवण ताणलेली. मनिषा बघत असतानाच तो हात सीटवरून चार बोटं वर उचलला गेला. अनुपमानं उचलला नव्हता. तो सैल लोंबत होता. मग हाताच्या पाठीवरची कातडी चार ठिकाणी दबली. चार पांढरे, लांबट ठसे. अनुपमाची बोटं वळली आणि त्यांनीही काहीतरी गच्च धरलं.

मनिषाच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढायची तिची छाती झाली नाही. तिनं समोर नजर रोवली आणि परभणी येईपर्यंत पुन्हा मागं बघितलं नाही. इंजिन एका सुरात चाललं होतं. मागं दोन श्वास येत होते, आणि त्यांतला एकच अनुपमाचा होता.

दवाखान्याच्या दारात नर्सनं अनुपमाला उतरवलं. तिचा डावा हात मात्र क्षणभर गाडीतच अडकून राहिला. मग सुटला.

८

मुलगी झाली. वजनानं कमी, म्हणून बारा दिवस काचेच्या पेटीत ठेवली. तेराव्या दिवशी तिनं असा काही गळा काढला की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला आता घरी न्या, इथं कुणाला झोपू देत नाही. राजशेखरनं नाव ठेवलं रुद्राणी.

घरी न्यायच्या दुपारी मनिषा गाडी घेऊन दवाखान्यात आली. बारा दिवस तिनं ती गॅरेजात सावलीला लावली होती आणि मोजायला, तपासायला एकदाही हात लावला नव्हता. आवारातल्या लिंबाखाली तिनं राजशेखर, अनुपमा आणि शांतम्माला सगळं सांगितलं. काच, स्प्रिंग, आबा, हातब्रेक. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही.

"इंजिन, गिअर, ब्रेक, सगळं उत्तम. तसं कागदावर लिहून देते," ती शेवटी म्हणाली. "बाकीचं मला कळलं नाही. मी 'घ्या' म्हणत नाही आणि 'नका घेऊ' असंही म्हणत नाही. असं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

राजशेखरनं टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हणजे गाडीत..."

"मला माहीत नाही."

"मी डोळे मिटून घेतलते," शांतम्मा एकदम बोलली. "सडकेवर निम्म्यातच. खोटं कशाला बोलू? लय भ्या वाटलं." तिनं गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीवर हात ठेवला आणि सुनेकडं बघितलं. सगळेच अनुपमाकडं बघू लागले.

अनुपमा बाळाचं टोपडं नीट करत होती. तिनं डावा हात उन्हात धरून उलटसुलट बघितला.

"हात लय गार होता," ती म्हणाली. "पन सोडला न्हाई. तू कोन, कुठली, कुनाची, मला काही इचारलं न्हाई. मग मी कशाला इचारू?"

राजशेखर पुढं झाला आणि त्यानं मनिषाच्या हातातून किल्ली घेतली.

शांतम्मा पुढं बसली. अनुपमा बाळाला घेऊन गाडीला वळसा घालून डावीकडं आली. तिनं मागचं दार उघडलं, पण लगेच बसली नाही. बसमधे आपण कुणीतरी आत सरकायची वाट बघत जसं उभं राहतो, तशी दाराशी क्षणभर थांबली. मग "हं" म्हणाली, पदर सावरला आणि काठावरच्या जागेवर टेकून बसली. राजशेखरनं दार लावलं.